मेंदूचा नकाशा काढणारा उनाड पोरगा

हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच चालू असताना एकदा स्क्रीनकडे पाठ करून उभे राहा आणि बघणाऱ्यांकडे बघा. बॅट्समननं पाय पुढे टाकला की प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या एखाद्याचा पाय नकळत पुढे सरकतो. फिल्डर कॅचसाठी झेपावला की इकडे दोन-चार हात उचलले जातात. खेळतंय कोण आणि हलतंय कोण! दुसऱ्याला काही करताना आपण नुसतं पाहतो, तेव्हा आपल्या मेंदूत नेमकं काय चालतं?

या प्रश्नाचा एक धागा इटलीतल्या पार्मा शहरात सापडला. १९९० च्या सुमारास तिथल्या विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी मकाक जातीच्या माकडांवर प्रयोग करत होते. माकडाच्या मेंदूचा जो भाग हाताच्या हालचाली ठरवतो, तिथे अतिशय बारीक इलेक्ट्रोड घालून ते एकेका पेशीचे सिग्नल टिपत. माकडानं खाण्याचा तुकडा उचलला की पेशी सिग्नल द्यायची. ते अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे. माकड स्वतः गप्प बसलेलं, आणि समोरच्या माणसानं तुकडा उचलला, तरी त्यातल्या काही पेशी तसाच सिग्नल देऊ लागल्या. १९९२ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि १९९६ मध्ये या पेशींना मिरर न्यूरॉन हे नाव मिळालं. करणं आणि पाहणं, दोन्हीला प्रतिसाद देणारी एकच पेशी.

आता यातले 'एकच पेशी' हे शब्द पुन्हा वाचा. एका पेशीचं म्हणणं ऐकायचं असेल, तर मेंदूत सुट्या, स्वतंत्र पेशी असतात हे आधी कळलेलं हवं. १८८८ पूर्वी ते कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. उलट तेव्हाच्या बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांचं मत असं होतं की मेंदू हे एक सलग जाळं आहे. शहरातल्या पाण्याच्या पाइपसारखं सगळं एकमेकांत उघडणारं. अशा जाळ्यात 'ही पेशी काय करते' हा प्रश्नच विचारता येत नाही.

हे जाळं ज्यानं सोडवलं, तो लहानपणी शिक्षकांचा मार खाऊन, तुरुंगाची हवा खाऊन आणि बूट शिवायच्या दुकानात उमेदवारी करून मोठा झाला होता. त्याचं नाव सान्तियागो रामोन इ काहाल. आपल्या सिलॅबसमध्ये तो येत नाही. पण हातात पेन्सिल धरून तो जे करून गेला, ते इंजिनिअरला मनापासून आवडावं असं आहे. म्हणून हा लेख.

काहालचा जन्म १ मे १८५२ चा. गाव उत्तर स्पेनमधलं, डोंगरातलं, पेतिया दे आरागोन नावाचं. वडील दोन हुस्तो हे गावोगाव नोकरी करणारे सर्जन. गरिबीतून वर आलेला माणूस. नोकरी सांभाळून, पै पै वाचवून त्यांनी पुढे डॉक्टरकीची पूर्ण पदवी मिळवली. अशा बापाला मुलाबद्दल एकच स्वप्न असणार, पोरगा डॉक्टर झाला पाहिजे. त्यासाठी ते स्वतः शिकवायचे. घरी गडबड होते म्हणून गावाजवळच्या एका गुहेत बसून त्यांनी मुलाला फ्रेंच शिकवलं. म्हणजे बाप कडक होता, पण नुसती ऑर्डर सोडणारा नव्हता. स्वतः घाम गाळणारा होता.

पोराला मात्र वेगळंच वेड. चित्रं काढायची. कागद मिळाला तर कागदावर, नाही तर कुणाच्याही नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर. वडिलांच्या दृष्टीनं चित्रकला म्हणजे वेळेची नासाडी आणि पुढे उपासमारीची तयारी. शेवटी निवाडा करायचं ठरलं. चर्चच्या भिंतींचं काम करायला एक रंगारी गावात आला होता. वडिलांनी मुलानं काढलेलं एका संताचं चित्र त्याला दाखवलं. त्यानं पाहिलं आणि निकाल दिला, की या मुलात चित्रकाराचा अंशही नाही. झालं! आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर घरी येऊन करिअर ठरवून जाणारे काका असतात ना, तसाच हा प्रकार. खटला निकाली निघाला आणि घरातले रंग आणि पेन्सिली गायब झाल्या.

पुढे हाका गावच्या धर्मगुरूंच्या शाळेत त्याला घातलं. तिथे लॅटिन पाठ करायचं, पाठ झालं नाही की छडी, आणि छडीनं भागलं नाही की उपाशी कोंडून ठेवायचं. सान्तियागोला पाठांतर अजिबात जमायचं नाही. दिसलेली वस्तू मात्र डोक्यात फोटोसारखी बसायची. ज्या मुलाला डोळ्यांनी शिकता येतं त्याला कानांनी शिकवायचा हट्ट, असं ते चाललं होतं. मुलगा आणखी बिघडला. अकरा वर्षांचा असताना त्यानं लाकडाची तोफ बनवली, तिच्यात दारू आणि दगडगोटे ठासले आणि शेजाऱ्याच्या बागेचं नवंकोरं फाटक उडवून दिलं. तोफ चालली, म्हणजे प्रोजेक्ट सक्सेसफुल. पण गावच्या कोठडीत काही दिवस काढावे लागले, आणि वडिलांनीही त्याला सोडवायची घाई केली नाही.

नंतर वडिलांनी त्याला आधी न्हाव्याच्या दुकानात आणि मग बूट बनवणाऱ्या कारागिराकडे कामाला लावलं. हेतू हा, की अक्कल यावी. अक्कल आली की नाही माहीत नाही, पण हात तयार झाले. बुटाचं काम तो चांगलं शिकला. पुन्हा शाळेत जायची वेळ आली तेव्हा चित्रकलेचा वर्ग लावायची परवानगी त्यानं मिळवली आणि त्या वर्गात चमकला.

खरं वळण आलं ते १८६८ च्या उन्हाळ्यात. वडिलांना वाटलं, याला हाडांची रचना पुस्तकातून शिकवून उपयोग नाही, खरी हाडं दाखवली पाहिजेत. पण हाडं आणायची कुठून? तर बाप-लेक रात्री भिंतीवरून चढून एका जुन्या स्मशानभूमीत उतरले आणि उघड्यावर पडलेली हाडं गोळा करून घरी आणली. प्रत्येक हाड हातात घ्यायचं, त्यावरचा खड्डा, कड, भोक बोटांनी चाचपायचं, ते तिथे का आहे हे वडिलांनी सांगायचं, आणि मग मुलानं ते कागदावर उतरवायचं. ज्या पोराला लॅटिनच्या चार ओळी पाठ होत नव्हत्या, त्याला मानवी सांगाडा बारकाव्यांसकट येऊ लागला. ज्या चित्रकलेवरून घरात इतकी वर्षं भांडण होतं, तीच आता बापाच्या विद्येला उपयोगी पडत होती. कोण जिंकलं? मला वाटतं, दोघंही.

सारागोसाच्या विद्यापीठातून १८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. वडीलही तेव्हा तिथेच शवविच्छेदन शिकवत होते. मुलानं काढलेली शरीररचनेची रंगीत चित्रं पाहून त्यांना एवढा अभिमान वाटायला लागला, की ती एका मोठ्या ॲटलासमध्ये छापायचा त्यांनी बेत केला. तशी छपाई सारागोसात शक्य नव्हती, म्हणून तो बेत राहून गेला. पण एकेकाळी पेन्सिली लपवणारा बाप आता मुलाची चित्रं जपून ठेवत होता.

डॉक्टर झाल्यावर आपण 'तो' सोडून 'ते' म्हणू या. लगेच सक्तीची लष्कर भरती झाली आणि १८७४ मध्ये काहालना सैन्याचे डॉक्टर म्हणून क्युबाला पाठवलं. तिथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई चालू होती. वडिलांनी ओळखीची शिफारसपत्रं दिली होती. काहालनी ती वापरलीच नाहीत. परिणाम असा, की दलदलीच्या भागातल्या अतिशय वाईट ठाण्यांवर नेमणूक झाली. मलेरियानं त्यांना पोखरून काढलं. १८७५ मध्ये हाडांचा सापळा होऊन ते घरी परतले. वाचले हेच खूप. या नोकरीच्या पगारातून जे काही हाती राहिलं, त्यातून त्यांनी एक मायक्रोस्कोप घेतला. आजारानं खंगलेल्या तरुण मुलानं मोठी खरेदी कशाची करावी, तर याची!

१८७८ मध्ये फुफ्फुसातून रक्त पडलं. क्षयाचं निदान झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. डोंगरातल्या हवेत राहून ते हळूहळू बरे झाले आणि १८७९ मध्ये सिल्व्हेरिया फान्यानासशी त्यांचं लग्न झालं. पुढे सात मुलं झाली. पगार तुटपुंजा, त्यात मायक्रोस्कोपसाठी लागणारी रसायनं, काचपट्ट्या, परदेशी जर्नल्स. हा खर्च घरखर्चातूनच निघायचा. सिल्व्हेरियानं काटकसरीनं संसार चालवला नसता, तर या लेखाला विषयच राहिला नसता. शास्त्रज्ञांच्या चरित्रात हे खातं नेहमी कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

१८८४ मध्ये ते व्हॅलेन्सियाला प्रोफेसर म्हणून गेले. पुढच्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची साथ आली. काहालनी कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करून सारागोसा प्रांताच्या सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यावर खूश होऊन सरकारनं त्यांना बक्षीस दिलं ते झाइसचा उत्तम मायक्रोस्कोप. आतापर्यंत साध्या मायक्रोस्कोपवर काम करणारा माणूस एकदम युरोपातल्या चांगल्या प्रयोगशाळांच्या बरोबरीला आला. निदान यंत्राच्या बाबतीत तरी.

आणि मग आलं १८८७. माद्रिदमध्ये लुईस सिमारो नावाच्या डॉक्टरांनी काहालना एक काचपट्टी दाखवली. ती पाहून त्यांचं आयुष्यच बदललं. काय होतं त्या काचपट्टीत? ते समजायला आधी अडचण समजून घेऊ.

मेंदूचा पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काहीच कळत नाही. समजा एका पॅनेलमध्ये हजारो वायर्स कोंबल्या आहेत, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि कुठली कुठून निघून कुठे जाते ते सांगायचंय. नुसता रंग टाकला तर सगळ्याच वायर्स रंगतात, म्हणजे पुन्हा काळाकुट्ट गोळा. १८७३ मध्ये इटलीतल्या कामिलो गोल्जींनी यावर उपाय शोधला. एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. होतं असं, की असंख्य पेशींपैकी फक्त थोड्याच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात त्या शेवटच्या टोकापर्यंत काळ्याभोर होतात. पिवळसर काचेवर जणू शाईनं काढलेलं झाड. पॅनेलमधल्या शंभरातली एकच वायर आपोआप काळी व्हावी, तसं.

ही पद्धत चौदा वर्षं पडून होती. कारण ती लहरी होती. कधी जमायची, कधी नाही. काहालनी १८८७ च्या अखेरीस बार्सिलोनाला बदली झाल्यावर घरातच प्रयोगशाळा मांडली आणि या पद्धतीच्या हात धुवून मागे लागले. त्यांनी दोन सुधारणा केल्या. एक म्हणजे रसायनांची तीच प्रक्रिया पुन्हा एकदा करायची, म्हणजे पेशी जास्त भरवशानं रंगतात. दुसरी अधिक हुशारीची. मोठ्या प्राण्याच्या मेंदूत तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढलेलं असतं, आणि तिथे रंग नीट पोचत नाही. मग ज्यांच्यावर ते चढलेलंच नाही असे मेंदू घ्यायचे, पक्ष्यांची पिल्लं आणि अंड्यातले गर्भ. आपल्या भाषेत, इन्सुलेशन चढायच्या आधीच वायर ट्रेस करायची. शिवाय लहान मेंदूत वायरिंगही कमी. पूर्ण वाढलेल्या जंगलात वाट शोधण्यापेक्षा रोपवाटिकेत शोधणं सोपं.

१८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना ते दिसलं. तिथे पुर्किंजे पेशी नावाच्या मोठ्या पेशी असतात. शेजारच्या दुसऱ्या पेशींचे तंतू येतात आणि या पेशींच्या अंगाभोवती टोपलीसारखे विणले जातात. विणले जातात, पण आत शिरत नाहीत. टोकं मोकळीच राहतात. जवळ येतात, चिकटतात, एकजीव होत नाहीत. दहा वेळा पाहा, शंभर वेळा पाहा, जोड कुठेच नाही. म्हणजे जाळं नव्हतंच. सुट्या पेशी होत्या, आणि त्या एकमेकींशी स्पर्शानं बोलत होत्या.

हे जगाला सांगायचं कसं? स्पॅनिश भाषेतलं जर्नल तेव्हा जर्मनीत, फ्रान्समध्ये कोण वाचणार? काहालनी स्वतःचंच त्रैमासिक काढलं. मे १८८८ मध्ये पहिला अंक. लेखक तेच, चित्रकार तेच, प्रकाशक तेच आणि खर्चही त्यांचाच. प्रती किती, तर ६०. आपल्या मॅगझिनसुद्धा याहून जास्त छापतं. त्या त्यांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांना टपालानं पाठवल्या आणि वाट पाहत बसले. उत्तर जवळजवळ नाहीच. ज्यांनी पाहिलं त्यांना खरं वाटलं नाही. स्पेनमधून आणि विज्ञान? अशी एकूण भावना.

मग ऑक्टोबर १८८९ मध्ये ते साठवलेले पैसे घेऊन बर्लिनला जर्मन ॲनाटॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनाला गेले. सोबत काचपट्ट्या. ३७ वर्षांचा अनोळखी स्पॅनिश माणूस, मोडकं-तोडकं फ्रेंच बोलणारा. भाषण देऊन उपयोग नव्हता. त्यांनी मायक्रोस्कोप मांडले, काचपट्ट्या लावल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायला लावलं. त्यात अल्बर्ट कोलिकर होते, वय ७२, या विषयातले सगळ्यात मोठे नाव. त्यांनी डोळा लावला, आणि बाजूला झाले ते काहालचे समर्थक होऊनच. या वयात माणूस आपलं मत बदलायला तयार होतो हे मला पेशींइतकंच थोर वाटतं. १८९१ मध्ये वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञानं या सुट्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. मराठी मीडियममधल्या मित्रांकडून मला कळलं की शाळेच्या पुस्तकात तिला चेतापेशी म्हणतात. शब्द छानच आहे.

काहाल एवढ्यावर थांबले नाहीत. पेशी सुट्या आहेत, मग सिग्नल कुठून कुठे जातो? त्यांना दिसलं की डोळ्याच्या पडद्यात, नाकात, जिथे जिथे बाहेरची माहिती आत येते, तिथे पेशीच्या झाडासारख्या फांद्या बाहेरच्या बाजूला असतात आणि एकच लांब तंतू मेंदूच्या दिशेनं जातो. यावरून १८९१ मध्ये त्यांनी नियम मांडला. सिग्नल फांद्यांतून आत येतो, पेशीतून जातो आणि लांब तंतूतून बाहेर पडतो. म्हणजे वन-वे. डायोडचा शोध लागायच्या आधी मेंदूतला डायोड! त्यांनी चित्रांत छोटे छोटे बाण काढायला सुरुवात केली. नुसत्या शरीररचनेचं चित्र बघता बघता सर्किट डायग्राम झालं. प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर पडतो तिथून मेंदूपर्यंत बाण, म्हणजे पाहण्याची वाट. मेंदूतल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींकडून खाली मणक्यातल्या पेशींकडे आणि तिथून स्नायूकडे बाण, म्हणजे करण्याची वाट. आणि या सगळ्यासाठी त्यांच्याकडे ना इलेक्ट्रोड होता ना ऑसिलोस्कोप. मेलेल्या पेशीचा आकार पाहून जिवंत पेशीचा करंट त्यांनी ओळखला.

हे कसं जमलं? माझं उत्तर असं, की त्यांच्या हातानं त्यांच्या डोळ्यांना बघायला शिकवलं. मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी थोडासाच भाग स्पष्ट दिसतो. एका कापात पेशीची अर्धी फांदी सापडणार, दुसऱ्यात उरलेली. काहाल कितीतरी काचपट्ट्या पाहायचे, ते सगळं डोक्यात जुळवायचे आणि मग कागदावर पूर्ण पेशी उतरवायचे. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे हात ठरवत असताना डोकंही ठरवत असतं. फोटोग्राफीत ते तरबेज होते. रंगीत फोटोग्राफीवर १९१२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. तरी पेशींसाठी त्यांनी पेन्सिल आणि शाईच धरली. त्यांची सुमारे २९०० चित्रं आज शिल्लक आहेत आणि मेंदूच्या पाठ्यपुस्तकांत त्यातली अजूनही छापतात. आता आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमध्ये उतरवतो त्या आकृत्या आठवा. तिथेही हातच चालतो. पण डोळे शेजारच्याच्या जर्नलवर आणि डोकं मेसच्या जेवणावर. हात एकटा चालला की त्याला कॉपी म्हणतात. हात, डोळा आणि डोकं तिघं एकत्र चालले की त्याला काहाल म्हणतात.

१९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं, गोल्जी आणि काहाल. ज्यानं रंग दिला तो आणि ज्यानं त्या रंगातून पेशी दाखवली तो. आधी हे दोघं कधी भेटलेच नव्हते. बर्लिनहून परतताना काहाल गोल्जींना भेटायला पाविया शहरात गेले होते, पण गोल्जी गावाला गेलेले. आता स्टॉकहोममध्ये समोरासमोर आले, आणि ११ डिसेंबरला गोल्जींनी आपल्या नोबेल भाषणाचा विषयच निवडला तो न्यूरॉनचा सिद्धांत कसा चुकीचा आहे हा. ज्या सिद्धांतासाठी शेजारी बसलेल्या माणसाला बक्षीस मिळालंय, त्यालाच त्या मंचावरून विरोध! दुसऱ्या दिवशी काहाल बोलले. त्यांनी गोल्जींच्या पद्धतीचं श्रेय गोल्जींना दिलं, आणि मग शांतपणे एकेक पुरावा मांडत गेले. एकच काचपट्टी, एकच रंग. एकाला जाळं दिसलं, दुसऱ्याला सुटी झाडं. गोल्जी लहान माणूस नव्हते. पेशीतला जो भाग आपण बारावीत गोल्जी बॉडी म्हणून शिकतो, तो त्यांनीच शोधला. पण जाळ्याची कल्पना एकदा मनात बसली होती आणि पुढे डोळे तेच दाखवत राहिले.

निकाल लागायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. १९५० च्या दशकात दिसलं की दोन न्यूरॉन्सच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. या जोडणीला शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९७ मध्येच सिनॅप्स नाव दिलेलं होतं. १८९४ मध्ये काहाल लंडनला भाषणाला गेले तेव्हा याच शेरिंग्टनच्या घरी उतरले होते. मेंदूत काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्याही असतात असं नंतर कळलं, पण मुख्य गोष्ट काहालचीच खरी निघाली. ते पाहायला मात्र ते नव्हते. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. सिल्व्हेरिया चार वर्षं आधीच गेल्या होत्या.

आता पुन्हा पार्माला जाऊ. पार्मा आणि गोल्जींचं पाविया ही दोन्ही उत्तर इटलीतलीच शहरं. ज्या भागात मेंदूला जाळं मानणारा मोठा शास्त्रज्ञ राहिला, तिथेच शंभर वर्षांनी एकेका पेशीला कान लावून मिरर न्यूरॉन सापडले. यानंतर बराच गाजावाजा झाला. सहानुभूती, भाषा, ऑटिझम, सगळ्याचं उत्तर या पेशींत आहे असं लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं सिद्ध झालेलं नाही, आणि आज शास्त्रज्ञ जपून बोलतात. माणसात थेट पुरावा २०१० मध्ये मिळाला. एपिलेप्सीच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड घातले होते अशा २१ रुग्णांच्या १,१७७ पेशी तपासल्या गेल्या. काही पेशींनी करताना आणि पाहताना दोन्ही वेळा प्रतिसाद दिला. काही तर करताना जाग्या होत आणि पाहताना उलट गप्प होत. जणू पाहताना हात उगाच हलू नये म्हणून ब्रेक. टीव्ही रूममध्ये सगळेच उठून बॅट फिरवत नाहीत, त्यामागे असलंच काहीतरी असू शकेल.

या पेशी जन्मतःच अशा असतात की सरावानं अशा होतात, यावरही वाद आहे. एक मत असं, की लहानपणापासून आपण काही करत असताना स्वतःचा हात पाहत असतो. करणं आणि दिसणं इतक्या वेळा एकत्र येतं की शेवटी ते एकाच पेशीत बांधलं जातं. हे वाचलं तेव्हा मला काहालच आठवले. कुठलीही कला शिकताना, उदाहरणार्थ पियानो, बरीच वर्षं मनाचा आणि स्नायूंचा व्यायाम का लागतो, याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय, की मेंदूतल्या जुन्या वाटा मजबूत होतात आणि पेशींना नव्या फांद्या फुटत जातात. इलेक्ट्रोड नसताना केलेला हा अंदाज होता, पण सरावानं मेंदूतल्या जोडण्या बदलतात हे आज प्रयोगांनी दाखवलेलं आहे.

आपल्या डोक्यात अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. लेक्चरला समोर फळ्यावर सर सर्किट काढत असतात, तेव्हा त्यातल्या काही पेशी बहुधा आपल्याही हाताची तयारी करत असतात. पण नुसतं पाहून तयार झालेला हात परीक्षेत कामाला येत नाही, हे आपल्याला प्रत्येक सेमिस्टरला कळतंच. काहालचं चित्र बाजूला ठेवून एकदा एक न्यूरॉन स्वतः काढून बघा. फांदी कुठे जाड, कुठे बारीक, ती कुठे संपते, तिचं टोक दुसऱ्याला चिकटतं की थोडं अलीकडेच थांबतं, हे पेन्सिल टेकवल्याशिवाय लक्षात येत नाही. त्या टोकाशी थांबणाऱ्या रेषेवरच एका माणसानं सगळं आयुष्य पणाला लावलं होतं.